दिवाळीनंतर पॅडी कापू

आमच्याकडे इंग्रजी लिहिता येणाऱ्या माणसाला वैद्याचा मान आहे, आणि वैद्याच्या चिठ्ठीसारखंच त्याने लिहिलेलं कुणी वाचत नाही. मी हयातभर शाळेत इंग्रजी शिकवलं. निवृत्त होऊन शहापुरात ओटीवर बसलो, तेव्हापासून बँकेची पत्रं, विम्याचे दावे, पोरांचे नोकरीचे अर्ज असं सगळं माझ्याकडे येऊ लागलं. माझी घडण तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर झालेली, त्यामुळे शैली पक्की. वरती 'विथ ड्यू रिस्पेक्ट अँड हंबल सबमिशन', खाली 'काइंडली डू द नीडफुल'. मधे काय आहे याला फारसं महत्त्व नाही. लोकांची कामं होत, आणि ती माझ्या इंग्रजीमुळे होतात असं लोकांना वाटे. मलाही वाटे.

या कीर्तीचा बळी ठरला माझा मेव्हणा. सासुरवाडी मुरबाड तालुक्यात, सरळगावच्या आत. भाताची कापणी उरकली की त्याच खाचरात, जिथे पाण्याची सोय असेल तिथे, भेंडी करायची ही आता दोन्ही तालुक्यांत रुळलेली गोष्ट. एक दिवसाआड तोडा, हाताला खाज सुटते म्हणून हातमोजे, बोटाएवढी कोवळी भेंडी तेवढी निवडायची, रात्री पिकअप वाशीकडे आणि तिथून माल विमानाने परदेशात. मेव्हण्याने आसपासच्या शेतकऱ्यांना जमवून गट केला. वाशीच्या एका व्यापाऱ्याच्या ओळखीने लंडनचा खरेदीदार मिळाला. त्या साहेबाची अट एकच, मला शेतकऱ्यांशी थेट बोलायचंय. व्हॉट्सॲपवर ग्रुप निघाला. त्यात पलीकडून तिघे. खरेदी करणारे इंग्रज साहेब, लेबलं आणि खोकी ठरवणाऱ्या अमेरिकन बाई, आणि वाहतूक व शीतगृह बघणारे एक आयरिश गृहस्थ. आपल्या बाजूने मी.

"भावोजी, तुमी फक्त बोला. बाकी आमी बघतो," मेव्हणा म्हणाला. बाकीचं त्यांनी खरोखरच चोख बघितलं. गडबड झाली ती बोलण्यात.

पहिल्याच पत्रात मी आमच्या लेडीज फिंगरचं मन लावून वर्णन केलं. बाईंनी विचारलं, किती दिवस कुरकुरीत राहतात? अंडं असतं का? मला प्रश्न जरा विचित्र वाटला, पण परदेशी माणसं शाकाहाराबद्दल हल्ली फार जागरूक असतात असं ऐकून होतो. मी लिहिलं, अंड्याचा स्पर्शही नाही, आमच्या गटात माळकरी आहेत. कुरकुरीतपणाचं म्हणाल तर शेंडा मोडून बघावा, टच् आवाज आला पाहिजे. बाई खूश झाल्या आणि कॉफीत बुडवल्यावर टिकतात का असं विचारू लागल्या. तेव्हा मात्र मी फोन बाजूला ठेवून पाणी प्यायलो. अमेरिकेत लेडीफिंगर म्हणजे लांबट, हलकं, अंडं घातलेलं बिस्कीट. तिरामिसू नावाच्या इटालियन गोडाच्या पदार्थात ते कॉफीत बुडवून घालतात. भेंडीला तिकडे ओक्रा म्हणतात. हे साहेबांनीच मधे पडून सांगितलं. आणि साहेबांना बाईंचं ऐकून धक्का बसला की आपण भाजीच्या धंद्यात आहोत हे माहीत असूनही त्या आठवडाभर बिस्किटाच्या खोक्याची नक्षी काढत होत्या.

याच ओघात मेव्हण्याने बांधावरच्या शेवग्याचं सुचवलं. मी लगेच कळवलं, आम्ही ड्रमस्टिकही पुरवू, झाडावरून ताज्या काढून, शंभर टक्के शाकाहारी. पलीकडे ड्रमस्टिक म्हणजे कोंबडीची तंगडी. झाडाला लागलेली शाकाहारी तंगडी ऐकून साहेबांनी इतकंच उत्तर दिलं, 'हाऊ व्हेरी इंटरेस्टिंग.' मी ती ऑर्डर समजलो. गटाची सभा भरवली, साहेबांना शेवग्यात फार रस आहे असं जाहीर केलं, आणि त्या वर्षी सरळगावच्या आसपास जेवढे मोकळे बांध होते त्यावर शेवग्याची खांडं रोवली गेली. इंग्रज माणूस 'व्हेरी इंटरेस्टिंग' म्हणतो तेव्हा बहुधा त्याला विषय तिथेच संपवायचा असतो, हे कळलं तेव्हा शेवगा कमरेएवढा झाला होता.

खरी बहार पुढे आहे. ऑक्टोबरात साहेबांनी विचारलं, भेंडी कधी सुरू होणार? उत्तर सोपं होतं. भात अजून रानातच आहे, परतीच्या पावसाने आडवं झालंय, दिवाळीनंतर कापणी, मग झोडणी, पेंढा म्हशींना, आणि रान मोकळं झालं की भेंडीची लावण. भाताला आपण शाळेपासून पॅडी म्हणतो. मराठीत 'द' नाही, त्यामुळे तो मी लावत नाही. आणि भात म्हणजे लक्ष्मी, म्हणून मानाने त्याचं पहिलं अक्षर मोठं काढतो. तर मी लिहिलं:

'पॅडी इज लाइंग फ्लॅट इन फील्ड ड्यू टू रेन. आफ्टर दिवाली वी विल कट पॅडी, बीट प्रॉपरली, अँड गिव्ह रिमेनिंग टू बफेलोज.'

आता त्या आयरिश गृहस्थांचं नाव मी इथे सांगणार नाही. एवढंच सांगतो की १७ मार्चला आयर्लंडात ज्या संताचा सण असतो, त्याच संताचं नाव त्यांना ठेवलेलं आहे, आणि तिकडे त्या नावाच्या माणसाला घरीदारी पॅडी म्हणतात. इंग्लंडात तर कुठल्याही आयरिश माणसाला कुणी हिणवायचं म्हणून पॅडी म्हणालं, तर मारामारी होऊ शकते. इतिहास जुना आहे.

ग्रुपवर बराच वेळ शांतता. मग साहेबांचे दोन शब्द आले, 'स्टेडी ऑन.' स्टेडी म्हणजे स्थिर, ऑन म्हणजे चालू. न डगमगता चालू ठेवा, असा मी अर्थ लावला. इंग्रज लोक धीर देताना असंच बोलत असतील. त्या प्रोत्साहनाने मला चेव आला आणि मी कापणीचं सविस्तर वर्णन धाडलं. विळे आम्ही आदल्या दिवशीच परजून ठेवतो. बायका पुढून कापत जातात, पुरुष भारे बांधतात. मग खळ्यावर आपटून आपटून झोडतात, एक दाणाही आत राहू देत नाहीत. सगळा गाव जमतो, पोरंटोरं नाचतात. पॅडी कापली की आमच्याकडे सण असतो.

'स्टेडी ऑन'चा खरा अर्थ 'जरा आवरा' असा आहे.

आयरिश गृहस्थांनी लिहिलं, 'लुकिंग फॉरवर्ड टू इट, लॅड्स.' मी उलट टपाली कळवलं, आपण अवश्य या, आपण आल्याशिवाय आम्ही सुरुवात करणार नाही.

हा सगळा मजकूर माझ्या बायकोच्या भाच्याने वाचला तो दिवाळीच्या सुटीत. पोरगा ऐरोलीला कंपनीत आहे, रात्रपाळीला गोऱ्या लोकांशी बोलतो. वाचता वाचता त्याने फराळाचं ताट खाली ठेवलं. "आतोबा," तो म्हणाला, "तुम्ही त्या माणसाला कापून म्हशींना घालायची धमकी दिलीये. वरून आमंत्रण पण दिलंय." मी म्हटलं, पण ते तर चिडले नाहीत, उलट येतो म्हणाले. तर म्हणे तो विनोद होता. मी पुन्हा वाचलं. विनोदाची एकही खूण दिसली नाही. तोंड दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही; कळावं कसं?

यावर भाच्याने मला जे ज्ञान दिलं त्याने माझी शिक्षकी पेन्शन हलाल झाली नाही असं वाटायला लागलं. २००५ साली जस्टिन क्रूगर आणि निकोलस एप्ली वगैरे मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत प्रयोग केला. ईमेल लिहिणाऱ्यांना विचारलं, तुमचा उपरोध वाचणाऱ्याला कळेल का? त्यांचा अंदाज होता, शंभरातल्या ७८ वेळा कळेल. प्रत्यक्षात ५६ वेळा कळला, म्हणजे नाणं उडवून ठरवलं असतं तरी फारसा फरक पडला नसता. लिहिणाऱ्याच्या कानात स्वतःचा आवाज घुमत असतो, म्हणून त्याला वाटतं तो कागदावरही उतरलाय. त्याआधी १९८२ मध्ये पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात कुणीतरी लिफ्टमध्ये पारा सांडल्याची थट्टा संगणकावर लिहिली आणि लोकांना ती खरी वाटली. तेव्हा स्कॉट फालमन या प्राध्यापकाने १९ सप्टेंबरला सुचवलं की थट्टा असेल तिथे विसर्गासारखी दोन टिंबं, मग आडवी रेघ आणि कंस काढा, मान वाकडी केली की हसरा चेहरा दिसेल. आज सगळे जे पिवळे चेहरे पाठवतात त्यांचा हा मूळ पुरुष. विनोद झाल्याचं शिपायाकरवी कळवावं तसा हा प्रकार मला वाटतो, पण माझं मत विचारतो कोण.

सगळ्यात वर्मी लागलं ते पूर्णविरामाचं. २०१५ मध्ये बिंगहॅम्टन विद्यापीठाच्या अभ्यासात दिसलं की फोनवरच्या छोट्या संदेशाच्या शेवटी पूर्णविराम दिला, तर वाचणाऱ्याला उत्तर कमी मनापासूनचं वाटतं. ज्या माणसाने पूर्णविराम विसरला म्हणून आयुष्यभर अर्धा अर्धा गुण कापला, त्याला सांगतात की तू टिंब देतोस म्हणजे तुटक बोलतोस. शिवाय महत्त्वाची वाक्यं मी सगळी मोठ्या लिपीत लिहीत असे, सरकारी फॉर्मवर तसंच भरायला सांगतात. 'थँक यू सर' हे मी तीन महिने त्या साहेबांच्या अंगावर ओरडत होतो.

तसं बघितलं तर सुराचं हे भांडण आमच्या घरातही झालेलं आहे. माझी सून पुण्याची. मुरबाडच्या बाजूला पहिल्यांदा गेली तेव्हा मेव्हण्याच्या आईने दारातूनच "ये गो, बस हितं, जेवलीस का नाय?" असं खडसावलं. पोरगी रडवेली झाली, आपलं काय चुकलं म्हणून. त्याहून जास्त माया त्या म्हातारीला दाखवता येत नाही. पण निदान तिथे म्हातारी समोर होती, आणि वाक्य संपायच्या आत तिने पानात भाकरी वाढली होती.

उलटंही झालं. साहेबांच्या फॉर्ममध्ये पाण्याचा स्रोत विचारला होता. शहापूर तालुक्यात तानसा आहे, मोडक सागर आहे, भातसा आहे. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबई पिते आणि उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकर येतो. मी प्रामाणिकपणे लिहिलं, 'वी हॅव मेनी बिग लेक्स, देअरफोर नो वॉटर.' साहेबांनी माझ्या विनोदबुद्धीची तारीफ केली. तिघांनीही हसरे चेहरे पाठवले. गटातल्या शहापूरकरांना मी ते दाखवलं नाही.

एकदा मात्र माझ्या इंग्रजीने गावाचं भलं केलं. पैसे कधी, कसे मिळणार हे मेव्हण्याला विचारायचं होतं. मी लिहिलं, 'वी हॅव मेनी डाउट्स अबाउट युअर पेमेंट.' वर्गात पोरं शंका विचारतात तशा शंका. साहेबांनी वाचलं की या लोकांना आपल्या नियतीवर संशय आहे. दुसऱ्या दिवशी बँकेचा दाखला, जुन्या पुरवठादारांची पत्रं, आणि न मागता आगाऊ रक्कम. मेव्हणा म्हणाला, "मास्तर म्हंजे मास्तर. कसा कोपऱ्यात घेतला." मी काही बोललो नाही. कौतुक चालू असताना खुलासा करू नये.

मग दराची वेळ आली. साहेब म्हणाले, 'लेट्स टेबल द रेट टुडे.' बाई म्हणाल्या, का? कशासाठी टेबल करायचा? साहेबांनी पुन्हा तेच. बाई चिडल्या. इंग्रजांकडे एखादी गोष्ट टेबल करणं म्हणजे चर्चेला घेणं, अमेरिकनांकडे तीच गोष्ट बाजूला ठेवणं. दोघांनाही दर त्याच दिवशी ठरवायचा होता आणि त्यावरून दोघं दिवसभर वाद घालत होते. गंमत म्हणजे डिसेंबर १९४१ मध्ये, पर्ल हार्बर होऊन गेल्यावर, वॉशिंग्टनच्या बैठकांत ब्रिटिश आणि अमेरिकन सेनाधिकाऱ्यांचं याच शब्दावरून लांबलचक आणि कडवट भांडण झालं होतं. चर्चिलने युद्धाच्या आठवणींत ते लिहून ठेवलंय. हिटलरची फौज तिकडे रशियात, आणि हे दोघे एकाच गोष्टीला हो म्हणत भांडतायत. आमच्या भेंडीचा किलोचा दर त्या मानाने किरकोळ, पण त्या दिवशी मला इंग्रजीचं इंग्रजीत भाषांतर करावं लागलं, आणि ते काम मी दोघांच्याही भाषेत चुकीचं केलं.

जानेवारीत माल सुरू झाला. आयरिश गृहस्थ प्रत्येक खेपेला लिहीत, 'ग्रँड.' मी गटाला सांगे, भव्य म्हणतायत. आयर्लंडात 'ग्रँड' म्हणजे ठीक आहे, चाललंय, एवढंच. पण गटातले लोक त्या 'भव्य'वर इतके खूश असत की पहाटे चारला थंडीत तोड्याला उठताना कुरकुर करत नसत.

आणि मग ती रात्र. साहेबांचा निरोप आला, 'थिंग्ज आर अ बिट स्टिकी ॲट अवर एंड, आय अ‍ॅम अफ्रेड.' मी वाचलं आणि मला हसू आलं. भेंडी चिकट लागली आणि साहेब घाबरला! इतकी वर्षं भेंडीचा धंदा करतो आणि हे माहीत नाही. मी बायकोला हाक मारली. तिने आतून सांगितलं ते मी तसंच लिहीत गेलो. घाबरू नये. चिकटपणा हा भेंडीचा धर्म आहे. आधी धुवावी, कोरड्या फडक्याने पुसावी, मगच चिरावी. चिरल्यावर धुऊ नये. परतताना झाकण ठेवू नये. आमसूल किंवा लिंबू घातल्यास तार सुटत नाही. साहेबांचं उत्तर आलं, 'मोस्ट हेल्पफुल, थँक यू.' मी समाधानाने झोपलो.

तिकडच्या विमानतळावर आमची खोकी तपासणीत अडकली होती आणि साहेबांना सकाळच्या आत शेतकऱ्यांची यादी हवी होती. यादी माझ्या फोनमध्ये होती. सकाळी त्यांनी स्पष्ट मागितली तेव्हा मी लग्नाला कल्याणला निघालेलो. कळवलं, 'आय अ‍ॅम आउट ऑफ स्टेशन.' त्यांनी विचारलं, 'विच स्टेशन?' मी म्हटलं, आसनगाव. ते म्हणाले, मग स्टेशनात परत जा आणि यादी पाठवा. कसारा लोकल तेवढ्यात आली. गर्दीत फोन खिशातून निघेना. यादी भाच्याने पाठवली दुपारी, तोवर बरीच खोकी फेकून द्यावी लागली होती.

इंग्रज माणूस 'जरा चिकट' म्हणतो तेव्हा घराला आग लागलेली असू शकते. एप्रिल १९५१ मध्ये कोरियात इम्जिन नदीकाठी ब्रिटिशांची एक पलटण चिनी फौजेने चहूबाजूंनी घेरली. ब्रिगेडियर ब्रॉडीने वरच्या अमेरिकन जनरलला बिनतारीवर सांगितलं, परिस्थिती जरा स्टिकी आहे. अमेरिकन कानाला वाटलं, अवघड आहे पण निभावतायत. त्या ग्लॉस्टरशर पलटणीचे सहाशेहून अधिक जवान होते. मोजकेच निसटून परत आले, बाकीचे मारले गेले किंवा कैद झाले. भाच्याने हे सांगितलं तेव्हा माझ्या आमसुलाचं मला फार वाईट वाटलं.

तेव्हापासून मेव्हण्याने कारभार स्वतःच्या हाती घेतला. त्याची पद्धत सोपी. निरोप कुठलाही असो, खाली अंगठा. गावच्या ग्रुपवरही तेच. कुणी गेल्याची बातमी आली तरी अंगठा, कळलं एवढाच अर्थ. मुरबाड तालुक्यातच फांगण्याला २०१६ च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा निघाली. गुलाबी नऊवारी नेसून साठी-सत्तरीच्या बाया पाटी-पेन्सिल घेऊन बसल्या, अंगठा सोडून सही करायची म्हणून. त्या सही शिकल्या, आणि त्यांची शिकलेली पोरं दिवसभर अंगठे उठवत बसली आहेत.

मी मेव्हण्याला कॅनडाची गोष्ट सांगितली. सस्कॅचवान प्रांतात धान्यखरेदीदाराने एका शेतकऱ्याला जवसाच्या कराराचा फोटो पाठवला, मंजूर असल्याचं कळवा म्हणून. शेतकऱ्याने अंगठ्याचं चित्र पाठवलं. पुढे भाव चढले, जवस काही पोचलं नाही. शेतकरी म्हणाला, अंगठा म्हणजे करार मिळाला इतकंच. न्यायाधीश म्हणाले, अंगठा म्हणजे सही. २०२३ मध्ये निकाल लागला, ८२ हजारांहून जास्त डॉलर भरपाई. पुढच्या वर्षी अपिलातही तोच कायम राहिला. मेव्हण्याने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जवसाचा होता ना? आपली भेंडी हाय."

हंगाम संपताना बाईंनी विचारलं, आमच्यासोबतचा अनुभव कसा वाटला? एवढं तरी मी लिहितो म्हणालो. विचार करून, मोजून, पूर्णविराम न देता, छोट्या लिपीत लिहिलं, 'क्वाइट गुड'. बाईंकडून लाल बदाम आला. अमेरिकेत 'क्वाइट' म्हणजे फारच. मी मेव्हण्याकडे विजयी नजरेने बघतोय तोच साहेबांचं उत्तर आलं. इंग्लंडात 'क्वाइट' म्हणजे बेताचंच. त्यांना ऐकून खेद झाला होता, आणि त्यांनी विचारलं होतं की पुढच्या वर्षी याच दराने चालू ठेवायचं, की इथेच थांबायचं?

मी चष्मा पुसून पुन्हा वाचेपर्यंत मेव्हण्याने खाली अंगठा दिला होता.